पाहुणे गेल्यावर

जात्यावरच्या ओव्या जपायला सत्यशीलाबाईंनी जालन्यात मोठी इमारत उभी केली. नवऱ्याच्या बियाण्याच्या धंद्यातला पैसा तिच्यात पाण्यासारखा ओतला. अंबड-परतूरकडच्या कितीतरी म्हाताऱ्या त्यांच्या गाडीतून आल्या, गायल्या, लुगडं घेऊन गेल्या. आणि सख्खी आई, साळूबाई, बंगल्याच्या मागच्या खोलीत गप्प बसलेली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

गप्प का, ते बाईंना पक्कं ठाऊक होतं. आष्टीच्या मेंढपाळाघरची ही लेक लग्न होऊन बंगल्यात आली, तेव्हा तिला आईच्या ओव्यांची लाज वाटायची. त्यांत लेंड्या होत्या, बापाची दारू होती. "माय, पाहुणे गेल्यावर म्हणत जा," असं ती बजावायची. पाहुण्यांची गाडी फाटकाबाहेर पडली, की मागच्या खोलीत हलक्या आवाजात ओवी सुरू व्हायची.

आता साळूबाईंना माणसं ओळखू येईनाशी झाली होती. सत्यशीला जन्मली तेव्हा त्यांनी रचलेली ओवी दुसऱ्या कुणालाच येत नव्हती. माय गेली की तीही जाणार होती.

बाई रेकॉर्डर घेऊन खाटेशी बसल्या. "माय, माझ्या जन्माची ओवी म्हण ना."

साळूबाईंनी त्यांच्या रेशमी साडीकडे पाहिलं आणि स्वतःचा पदर सावरला. "पाव्हणे हायेत घरात. लेक रागं भरती."

"कुणी न्हाई, माय. मीच हाये, तुजी सत्ती."

"तुमी च्या घ्या," साळूबाई अदबीनं म्हणाल्या. "तुमी गेल्यावर म्हनीन."

बाई उठल्या आणि दाराआड जाऊन उभ्या राहिल्या.

आत साळूबाईंनी सांभाळणाऱ्या कडूबाईला विचारलं, "गेल्या का?"

कडूबाईला खोटं बोलवेना. "न्हाई. दाराशी उभ्या हायेत."

साळूबाई पुन्हा पदर सावरून बसल्या.

रेकॉर्डर चालू करून कडूबाईच्या हाती द्यावा, असं बाईंच्या मनात येऊन गेलं. जन्मभर आईचं तोंड दाबलं, आता तिची ओवी चोरून घ्यायची? त्यांना स्वतःचीच किळस आली. रेकॉर्डर पर्समध्ये टाकून त्या अंगणात आल्या.

"भागवत, गाडी काढ," त्या ड्रायव्हरला म्हणाल्या.

"कुठं जायचं, बाईसाहेब?"

"फाटकाबाहेर. हॉर्न वाजव. मायला ऐकू गेलं पायजे."

गाडी रस्त्यावर जाऊन थांबली, फाटक लागलं. बाईंनी काच खाली केली. मागच्या खोलीतला आवाज तिथवर येत नव्हता.