तीन म्हणायचं नाही

माझे डोळे उघडे असलेला एकही फोटो आमच्या घरात नाही. लग्नाच्या फोटोंत मी झोपेतच लग्न उरकल्यासारखा दिसतो. निरोप समारंभाच्या फोटोत साहेब गंभीरपणे बोलताहेत आणि शेजारी मी डोळे मिटून. पाहणाऱ्याला ती शोकसभाच वाटते.

म्हणून भाची म्हणाली, "मामा, तुझा फोटो काढायचाय, समुद्रात, पाण्याखाली," तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं.

भाची पाण्याखाली माणसांचे चेहरे टिपते. तेही टाकीत दिवे लावून नाही. खुल्या समुद्रात, वरून येईल त्या उन्हात. बारा म्हाताऱ्यांच्या चेहऱ्यांचं तिचं पहिलं प्रदर्शन दोन आठवड्यांवर आलं होतं. अकरा झाले होते. बारावे पोहण्याचे मास्तर. ते सर्दीने बसले, कान बंद झाले, आणि डॉक्टरांनी बुडी मारायला मनाई केली. वारा एकदा फिरला की पुढचे चार महिने पाणी गढूळ. त्याआधी बारावा चेहरा मिळाला नाही, तर भिंतीवरची मधली जागा रिकामी राहणार होती.

"पण मीच का?" मी विचारलं.

"तुला वेळ आहे, दाढी आहे, आणि कुणाला नाही म्हणता येत नाही."

तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मी चौतीस वर्षं मुद्रितं तपासली, म्हणजे पुस्तक छापण्याआधी दुसऱ्यांच्या चुका शोधल्या. अशा माणसाला वाद घालायची सवय नसते. तो समासात खूण करतो आणि गप्प बसतो.

आठवडाभर तलावात सराव झाला, आणि घरी बादलीत. बादलीत तोंड घालून डोळे उघडे ठेवायचे. ही शेजारी स्टुलावर बसून मोजायची, "एक, दोन, तीन!" आणि तीनला माझे डोळे मिटायचे. रोज.

"अहो, बादलीत कसली भीती?"

"भीती नाही. आपोआप होतं."

ठरलेल्या दिवशी होडीत आम्ही चौघं होतो. भाची, छत्री धरून बसलेली ही, मी, आणि माझ्या जिवाची काळजी घेणारा पाणबुड्या. त्याला सगळे कासव म्हणत. पाण्याबाहेर तो तितकाच सावकाश होता, म्हणून मला जरा धीर आला.

माझ्या सदऱ्याखाली शिशाचे तुकडे ओवलेला पट्टा बांधला होता, म्हणजे मी वर तरंगणार नाही. हातात मधमाश्यांवरचं एक जाडजूड पुस्तक. चांगलं पुस्तक बुडवायला मन धजेना. हे मीच तपासलेलं होतं आणि कुणीच विकत घेतलं नव्हतं. चष्मा हिच्याकडे दिला. चष्म्याशिवाय मला आरशातला मीसुद्धा अंदाजानेच ओळखावा लागतो.

"अर्धा श्वास सोड, मग आपोआप खाली जाशील," भाची म्हणाली. "गाल फुगवू नकोस. वाळूला पाय लावू नकोस, गाळ उठतो. हवा हवी असली की कासवाचा हात दाब, तो नळी तोंडात देईल. कासव खांद्यावर तीनदा थोपटेल. तिसऱ्याला मी फोटो काढीन."

पहिल्या बुडीत मी गाल फुगवले. दुसरीत गाल बरे होते. खांद्यावर एक थाप, दोन थापा, तीन, आणि डोळे बंद. तिसरीतही तेच. चौथीत डोळे मिटलेच, शिवाय नाकातोंडात पाणी गेलं.

होडीला धरून मी खोकत होतो. भाचीने मागे बोट दाखवलं. लांब किनाऱ्याकडचं पाणी, चष्म्याशिवाय मलाही कळावं इतकं, धुणं धुतल्यासारखं गढूळ दिसू लागलं होतं.

"मास्तरांनाच थोडं थांबून..." मी सुरुवात केली.

"अरे, मोजू नका त्यांच्यासाठी!" ही छत्रीखालून ओरडली. "तीन म्हटलं की हे डोळे मिटतात. लग्नातसुद्धा फोटोवाल्याने मोजलं होतं. तीन म्हणायचंच नाही!"

भाचीने कासवाकडे पाहिलं. कासवाने हात मागे घेतले.

पाचव्यांदा मी खाली गेलो. आजूबाजूला नुसता हिरवा उजेड, आणि त्यात हलणारे डाग. त्यातला भाचीचा कुठला आणि माशाचा कुठला, देव जाणे. मी थापेची वाट पाहू लागलो. थाप येईना. ही मंडळी मला विसरून वर तर गेली नाहीत? इथे मी, हातात मधमाश्या, आणि वर ही माझा चष्मा घेऊन बसलेली. पुस्तकाची पानं आपोआप उलटू लागली. काही दिसत नसताना मी सवयीने त्यांत डोकावलो.

श्वास संपला तसा कासवाचा हात दाबला. वर आल्यावर मी विचारलं, "कधी काढणार?"

"काढले की. एकोणीस!"

होडीत चढून मी चष्मा लावला, आणि कॅमेऱ्याच्या काचेवर तिने एक फोटो दाखवला. दाढी वर तरंगत होती, कानाजवळ बोटभर मासा होता, आणि डोळे टक्क उघडे, जगात पहिल्यांदाच काहीतरी पाहिल्यासारखे.

हिने बराच वेळ पाहिलं. "असे आहेत होय डोळे तुमचे," ती हळूच म्हणाली. मग काचेवर बोट ठेवून, "पण पुस्तक उलटं धरलंय."

मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. उलटंच होतं. सगळ्या एकोणीस फोटोंत. चौतीस वर्षांच्या नोकरीला काळिमा.

"पाणी अजून दहा मिनिटं टिकेल," भाची म्हणाली. "पुन्हा उतरतोस?"

मी त्या डोळ्यांकडे पाहिलं. दिसलेली चूक तशीच सोडायची हे मला आयुष्यात जमलेलं नव्हतं.

"राहू दे," मी म्हणालो.

भाचीने ओल्या हातांनीच मला मिठी मारली. बारावा चेहरा मिळाला होता.

"काका, आठवण म्हणून होडीत एक काढतो," म्हणत कासवाने आपला फोन काढला. "सगळे इकडे बघा. एक, दोन..."

"अरे, तीन म्हणू नकोस!" ही ओरडली.

पण कासव तो. एकदा सुरू झाला की थांबायलाही त्याला वेळ लागतो. त्या फोटोत ही आणि भाची दोघी छान हसताहेत. माझे डोळे मिटलेले आहेत. पुस्तक मात्र सुलटं आहे.