सांडपाण्यावरचा वाल

मी तुंबी बोलतेय. डबा नव्हे, बरणी नव्हे, तुंबी. दुधी भोपळा वेलावरच वाळू द्यायचा, आतलं बी-गर काढून टाकायचं, मग जे टणक, पोकळ, निमुळत्या मानेचं भांडं उरतं ना, ते मी. नाव ठाऊक नसेल तर आत्ता करून घ्या. मला कुणी 'ते वाळकं भोपळ्याचं' म्हटलेलं खपत नाही.

माझा जन्म अहमदपूरचा. सरजाबाईच्या घराच्या न्हाणीमागं, जिथं सांडपाणी मुरायचं, तिथं माझा वेल होता. सरजाबाईला स्वतःचं वावर वीतभरसुद्धा नव्हतं. दिवसभर दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची आणि दिवस मावळता येऊन त्या ओल्या तुकड्याला लागायची. अंघोळीचं पाणी, भांड्यांचं पाणी, तांदळाचं धुवण, सगळं तिकडं. त्यावर दोडका, कारली, भोपळा आणि वाल.

शेजारणी म्हणायच्या, "सरजे, तुझ्या न्हाणीला सोनं लागतंय गं."

ती म्हणायची, "घ्या की तोडून. पण उद्या अंघोळीला माझ्या घरी या, वेलांना पाणी कमी पडलंय."

तिची पोरगी विशाखा पोटात होती त्या साली मी वेलाला लागले. माझ्या बहिणींची भाजी झाली. मला तिनं बियाला राखलं. वाळून खडखडीत झाल्यावर तापलेल्या सळईनं माझ्या मानेला भोक पाडलं. दुखलं का? दुखलं. पण काम मिळालं. पोटात चुलीची राख, राखेत वालाचं बी, तोंडाला दाणे काढलेल्या मक्याच्या कणसाचं बूच. चुलीवर आढ्याला टांगली. धूर खाऊन खाऊन काळी कुळकुळीत झाले, पण माझ्या पोटातल्या बियाकडं डोळा वर करून बघायची किड्याची कधी टाप झाली नाही.

तो वाल साधा नव्हता. जांभळ्या फुलाचा, शेंगेच्या कडेला जांभळी रेघ. सरजाबाईला तिच्या आईनं लग्नात पदराच्या गाठीला बांधून दिलेला, आणि त्या आईला तिच्या आईनं. दागिना द्यायची ऐपत नव्हती, बी द्यायची होती. दर साली पेरायचं, चांगल्या शेंगा राखायच्या, नवं बी माझ्या पोटात. मी तीच, बी दर साली नवं.

विशाखाला मात्र त्या तुकड्यात पाय टाकायची बंदी. पोर कधी माती उकरत बसलेली दिसली की सरजाबाई धपाटा घालायची. "पुस्तक धर. खुरपं धरायला मी हाय अजून." मला हे पटायचं नाही, पण तुंबीला कोण विचारतं? आणि खरं सांगू, त्या बाईचंही चुकत नव्हतं. चिखलातून पोरगी बाहेर काढायची तर आधी चिखलाला शिवू द्यायचं नाही, एवढंच तिला ठाऊक होतं.

पोरीनं आईचं ऐकलं. लातूरला शाळेत बाई झाली, विज्ञान शिकवते. बी कसं रुजतं याची आकृती फळ्यावर न बघता काढते म्हणे. पण स्वतःच्या हातानं तिनं कधी मेथीची मूठ पसरली नव्हती.

मग सरजाबाईचा नवरा गेला. तिचे गुडघे धरले. वाल पेरायचा राहिला, एक साल, पुढचंही साल. इथून माझी धाकधूक सुरू झाली. लोकांना वाटतं, बी ठेवलं की टिकलं. अहो, ते आत जिवंत असतं, आणि जे जिवंत असतं ते म्हातारं होतं. माझ्या पोटात ते म्हातारं होत होतं आणि मला बूच काढून ओरडता येत नव्हतं.

विशाखा आईला लातूरला घेऊन आली, तेव्हा सरजाबाईनं कपड्यांचं गाठोडं गाडीत टाकलं आणि मला मांडीवर घेतलं. इथं मागच्या दाराजवळ खिळ्याला मी टांगली गेले. समोर बारकं अंगण. कुंपणाच्या भिंतीपलीकडं वहिदाचं घर, तिच्या दोन शेळ्या, आणि वहिदाचं तोंड, जे कधी बंद नसतं.

एका सकाळी विशाखा म्हणाली, "आई, इथं भाजी लावू या. तू शिकव मला."

"कामून? बाजार उठला का लातूरचा?"

"आपला वाल लावू. तुझ्यामागं तो कसा लावायचा हे कुणाला ठाऊक असणार?"

"माझ्यामागं! आत्ताच पोचवून आलीस व्हय मला? तुला मातीतून काढायला माझी हाडं झिजली, आन् तू पगार घेऊन परत मातीत उतरून राहिलीस."

भिंतीवरून वहिदा डोकावली. "मौसी, खेलने दो ना टीचर को मिट्टी में! बचपन में तुमने खेलने नहीं दिया होगा."

"तू शेळ्या बघ तुझ्या," सरजाबाई म्हणाली. पण तिनं मला खिळ्यावरून काढलं, कानाशी धरून हलवलं. आवाज कोरडा आला, थोडा आला. तिचा चेहरा मी बघितला. तिला कळलं. हे बी आता नाही पेरलं तर पुन्हा पेरण्यासारखं राहणार नाही.

"आळं कर," ती पोरीला म्हणाली. "मला बसता येत न्हाई. तू खण, बी मी टाकते."

बी तिनं पोरीच्या हातात दिलं नाही बरं का. स्टुलावर बसून, वाकून, स्वतः टाकलं. माझ्या पोटातलं निम्मं गेलं.

पावसानं तेव्हा दडी मारलेली होती आणि नळाचा पत्ता नव्हता. लातूरच्या माणसाला पाणी सांडलेलं बघवत नाही. का बघवत नाही हे, रेल्वेनं आणलेलं पाणी प्यालेल्या या गावात, पोरासोरांनाही सांगावं लागत नाही. स्वयंपाकघरात पाणी शुद्ध करायचं मशीन. त्याची एक बारीक नळी मागच्या दाराशी असलेल्या मोरीत सोडलेली, तिच्यातून धार चाललेली.

"हे पाणी कुठं चाललंय?"

"गटारात, आई. मशीन पाणी गाळतं, उरलेलं टाकून देतं."

"लातुरात राहून पाणी टाकून देतीस? शाळेत हेच शिकवतीस का लेकरांना?"

त्याच घटकेला नळीखाली बादली आली. बादली भरली की आळ्यात. सरजाबाई खुशीत होती. "उभा जलम सांडपाण्यावर वेल वाढवले. सांडपाणी ते सांडपाणी."

मीसुद्धा त्याच पाण्यावर वाढलेली. मलाही वाटलं, बरोबर आहे बाईचं.

कोंब आले. माना वाकवून वर आले, दोन-दोन पानं उघडली. सरजाबाईनं वहिदाला भिंतीवर बोलावून दाखवलं, विशाखानं फोनमध्ये फोटो काढले. मग पानांच्या कडा तांबूस झाल्या, विस्तवाजवळ धरल्यासारख्या. एकेक रोप मान टाकून बसलं. आळ्यातल्या मातीवर पांढुरकी पापडी धरली होती, साय वाळावी तशी.

चिमण्यांवर आळ आला. मुंग्यांवर आला. मातीवर आला. शेवटी सरजाबाईच्या तोंडातून गेलं, "तुझा हात लागला म्हणून. पुस्तकाच्या हातानं बी येत नसतं."

विशाखा उठली. मोरीत जाऊन हात धूत राहिली, माती निघून गेली तरी धूत राहिली.

दुसऱ्यांदा पेरलं. पुन्हा माझ्या पोटातलं बी गेलं. दुसऱ्या दिवशी बादली उचलताना विशाखा हळूच म्हणाली, "आई, हे मशीनचं पाणी नको घालू या. गोड पाणी मशीन आपल्याला देतं आणि खारं बाहेर काढतं. ते खारंच आपण..."

"तुझ्या पुस्तकानं कधी मांडवावर वेल चढवलाय का?"

विशाखानं बादली आईच्या हातात दिली. तिला वाटलं असणार, आईनं एवढे वेल वाढवले, मी एकही नाही. मी कोण सांगणारी? मला, तुंबीला, दोघींचा राग आला. एकीला ठाऊक होतं आणि ती गप्प बसली. दुसरीला ठाऊक नव्हतं आणि ती बोलत सुटली. आणि मरत होतं ते बी.

या खेपेला तर कोंब धड वर आलेच नाहीत.

आता माझ्या पोटात बोटांवर मोजण्याइतकं बी उरलं. सरजाबाई मला मांडीवर घेऊन बसायची, बुचावर बोट ठेवायची, उघडायची नाही. जेवताना अर्धी भाकरी ताटात राहायची. पेरावं तर उरलेलं जाईल, न पेरावं तर आत मरेल. मी चुलीवरच्या धुरात राहिलेय, पण एवढा जीव माझा कधी गुदमरला नव्हता.

"राहू दे आई," विशाखा म्हणाली. "दुकानातनं वालाच्या बियांचं पाकीट आणते मी."

"त्या पाकिटात माझी माय हाय का?"

विशाखानं पाकिटाचं नाव पुन्हा काढलं नाही.

मग एका दुपारी, विशाखा शाळेत असताना, सरजाबाई भिंतीला धरत धरत मागं आली. बादली नळीखाली होती. तिच्या आतल्या अंगाला पाण्याच्या रेघेवर पांढरं कडं धरलेलं. बाईनं ते नखानं खरवडलं, बघितलं. इकडं-तिकडं बघितलं, वहिदा भिंतीवर नाही ना म्हणून. मग ओंजळ भरली आणि तोंडाला लावली.

"थू! मचूळ हाय की गं!"

तशीच पायरीवर बसून राहिली. मला वाटलं, आता रडेल. ती रडणारी नाही. उठली, दुखऱ्या गुडघ्यांनी ती बादली ओढत न्हाणीत नेऊन ओतली. माझ्या कानावर तो आवाज आला तेव्हा खरं सांगते, माझं अंग हलकं झालं.

संध्याकाळी विशाखा आली. सरजाबाई तिच्याकडं न बघता म्हणाली, "ती बादली लादी पुसायला घेत जा."

एवढंच. माफी मागायची ही तिची रीत, ज्याला कळायची त्याला कळते. विशाखा 'मी सांगत होते' म्हणू शकली असती. मी तर म्हटलंच असतं. ती म्हणाली, "बरं," आणि चहा ठेवला.

रविवारी पांढरी पडलेली माती खरवडून बाहेर काढली. भिंतीकडेला, जिथं ते पाणी पडलं नव्हतं, तिथं नवं आळं केलं. वहिदानं घमेलंभर लेंडीखत भिंतीवरून दिलं. वर म्हणाली, "मौसी, फल्ली लगी तो आधी मेरी."

"शेळीला विचार आधी. खत तिचं हाय."

मग सरजाबाईनं माझं बूच काढलं, मला उलटं केलं आणि जे होतं ते सगळं, राखेसकट, विशाखाच्या तळहातावर ओतलं.

"मी न्हाई लावत. माझ्या हातानं दोनदा गेलं. तू लाव."

"आई, मला भीती वाटते गं."

"वाटू दे. मला बी दर साली वाटायची, तुला दिसू दिली न्हाई. बोटाचं एक पेर खोल जा. बी उभं खोचू नको, आडवं ठेव. हां. आता माती लोट. दाबू नको, माय, लेकरू निजवतीस का विटा रचतीस?"

पाण्याची वेळ आली. नळ आला नव्हता, टाकीचा तळ दिसत होता. सरजाबाईनं आपल्या पिण्याचा तांब्या उचलला. चांगलं, गोड, पिण्याचं पाणी त्या बाईनं थेंब मोजल्यासारखं मातीत सोडलं. जन्मात पहिल्यांदा ओतत होती ती. ओतून झाल्यावर तिनं आळ्यावर बोराटीच्या काट्या अंथरायला लावल्या आणि आत जाऊन पडली.

मी खिळ्यावर, रिकामी.

रोज उजाडायच्या आत दोघी दारात. काट्यांआडून माती निरखायच्या. बरेच दिवस काही नाही. वहिदासुद्धा विचारायची बंद झाली, यावरून समजा. मग एक कोंब आला. दुसरा येईल, तिसरा येईल म्हणून वाट बघितली. नाही आला. सगळ्या बियांतून एक.

त्या एकावर मग आम्ही सगळ्यांनी जीव टांगला. सुतळीवरून वेल चढला. पानांवर माव्याची कीड पडली, राख उधळली. थंडीच्या तोंडाला जांभळी फुलं आली तेव्हा विशाखा शाळेत उशिरा गेली. शेंगा आल्या, त्यातल्या भरदार शेंगांना सरजाबाईनं लाल चिंध्या बांधायला लावल्या. "चिंधीची शेंग खायची न्हाई. मी मागितली तरी देऊ नको."

आज त्या शेंगा पिवळ्या पडल्यात. अजून पुरत्या वाळल्या नाहीत. आणि दुपारपासून आभाळ भरून आलंय, या दिवसांत यायला नको तसं. वारा सुटलाय. पाऊस पडला तर शेंगा भिजतील, आतलं बी कुजेल. आत्ताच तोडल्या तर बी कोवळं राहील, रुजेल न रुजेल.

विशाखा हातातल्या उत्तरपत्रिका टाकून पळत बाहेर आली. तिला कुणी हाक मारली नव्हती.

"आई, तोडू का गं?"

सरजाबाई दारात उभी, चौकटीला धरून. तिनं आभाळाकडं बघितलं, वेलाकडं बघितलं. तोंड उघडलं. मला वाटलं, आता सांगेल.

"मला कामून विचारतीस? वेल तुझा हाय."

विशाखाचा हात चिंधी बांधलेल्या शेंगेवर आहे. बोटांनी ती आतलं बी चाचपतेय. काय करावं, मलाही सांगता येत नाही. एवढी वर्षं बी सांभाळलं, पण हे कधी ठरवावं लागलं नव्हतं.

तुमच्या घरी कुणा म्हातारीपाशी असं बी असेल, तर बायांनो, आजच मागून घ्या आणि तिच्या देखत पेरा. मग चुका, भांडा, पुन्हा पेरा. माझ्याकडं मात्र आत्ता बोलायला वेळ नाही. पहिला थेंब माझ्या मानेवर पडलाय, आणि पोरीनं शेंगेचं देठ चिमटीत धरलंय.