सगुणाबाईच्या साड्या आणि रोह्यांची वाट

सगुणाबाईच्या तोंडाला अख्खं गाव वचकून असायचं. अहमदपूर-कंधार रस्ता रुंद होणार म्हटल्यावर ग्रामसभेत हीच बाई उठली आणि इंजिनिअर मालविकाला भिडली. "रस्ता करा की खुशाल! पण रोह्यांना खालून वाट द्या. माझ्या लेकराचा पाय मोडलाय त्यांच्यापायी!"

रोही म्हणजे तुमच्या पुस्तकातल्या नीलगाई. सगुणाबाईचा लेक देविदास अहमदपूरच्या शाळेत मास्तर. दिवेलागणीला मोटरसायकलवर परतताना त्याला रोही आडवा आला, अन् पोरगं उन्हाळाभर खाटेवर पडलं.

मालविकानं वरच्यांशी भांडून बोगदा करून घेतलाच. उंच, ऐसपैस, खाली साधी मातीच. माळावरून ओढ्याला जायची रोह्यांची जुनी वाट होती, नेमका तिथंच.

पण रोही काही आत शिरेनात. रस्त्यावरूनच उड्या मारायचे. देविदास घरी येईस्तोवर सगुणाबाईचा जीव टांगणीला. एका दुपारी मालविका पाहणीला आली, तशी ही कडाडली, "काय बांधून ठिवलंय बया? जनावर ढुंकून बघंना!"

मालविकानं आतली माती न्याहाळली. खुराचा एक ठसा नव्हता. ओढ्याकडच्या तोंडाशी गेली अन् थांबली. समोर सगुणाबाईचा हरभरा. कडेनं काठ्यांना बांधलेल्या जुन्या साड्या फडफडत होत्या, त्यातली लालभडक तर थेट बोगद्याच्या तोंडावर.

"मावशी, ह्या कुणाच्या?"

"माझ्याच की. घाटे धरलेत, रोही येऊ न्हाईत म्हणून..." सगुणाबाईची जीभ अडखळली. "अगं माय! मीच दार लावून बसले की गं!"

आता कुणाला बोलणार? आपलेच दात, आपलेच ओठ.

"काढल्या तर पीक जाईल," ती हळूच म्हणाली. "अन् न्हाई काढल्या तर माझा देवा..."

"काढायच्या नाहीत मावशी, सरकवायच्या. दोन्हीकडून लावू. मधून ओढ्यापर्यंत गल्ली."

"म्हंजे माझी हरभऱ्याची तीन-चार तासं गेलीच." सगुणाबाईनं हरभऱ्याच्या त्या तीन-चार ओळींकडं एकदा बघितलं, पदर खोचला. "जाऊ दे मेली!" अन् काठ्या उपटायला लागली.

दिवस कलला तशा दोघी रस्त्याच्या भरावावर बाभळीआड बसल्या. माळावरून कळप उतरला. तेवढ्यात लांबून ओळखीची फटफट ऐकू आली. सगुणाबाईनं मालविकाचा हात करकचून आवळला. पुढची मादी बोगद्यापाशी थबकली, कान टवकारले, पलीकडचा ओढा बघितला आणि शांतपणे आत शिरली. बाकीचा कळप तिच्यामागं गेला. कळपाच्या डोक्यावरून देविदासची गाडी भुर्रकन निघून गेली.

"सुटले गं बया, सुटले!" सगुणाबाईनं म्याडमच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

घरी देविदास चहाची वाट बघत होता.

"का रे, रोही दिसले न्हाईत आज?"

"न्हाई गं माय. रस्ता मोकळाच होता."

"हाव, मोकळा होता म्हणे!" सगुणाबाई हसायला लागली ती थांबेचना, अन् चुलीवरचा चहा उतू गेला तरी तिला पत्ता न्हाई.