सीटची कड

गाडीच्या बाबतीत माझी मतं ठाम आहेत आणि ती मी कुणी न विचारता सांगतो. सेकंडहँड टर्बो गाडी घ्यायची तर सकाळी जाऊन बघावी, इंजिन थंड असताना, म्हणजे दोष लपत नाहीत. मालकाने आधीच चालू करून गरम ठेवली असेल तर चहासुद्धा न पिता परत फिरावं. पैसे आधी टायरला घालावेत, मग ब्रेकला, मग सस्पेन्शनला, आणि उरलेच तर इंजिनला. सायलेन्सर बदलून गल्लीत फटफट करणारे दिसले की माझं डोकं फिरतं. अरे बाबांनो, आधी थांबायला शिका, मग पळा! आणि वजन. वजन हा गाडीचा खरा वैरी. माझं स्वतःचं ब्याण्णव किलो आहे, पण तो विषय काढायचा नाही.

मी हजिऱ्याला एका कारखान्यात नोकरीला आहे. कतारगामच्या एका हिरेवाल्याच्या मुलाकडून मी लाल हॅचबॅक घेतली, जेमतेम अकरा हजार किलोमीटर पळालेली, आणि दोन वर्षांत तिचा नूर पालटून टाकला. मागची सीट काढली, बावीस किलो वाचले. पुढे दोन्ही बाजूंना रेसिंगच्या बकेट सीट बसवल्या. त्या अगदी खाली असतात, जमिनीवर बसल्यासारखं वाटतं, आणि दोन्ही कडा मांडीच्या वर उभ्या, म्हणजे वळणावर माणूस हलत नाही. मूळच्या सीट लगेच विकल्या. जुना माल घरात ठेवला की मन मागे ओढतं, हेही माझंच मत. आई म्हणाली, मग मी कुठे बसायचं? मी ते हसण्यावारी नेलं.

माझे वडील प्रभाकर गुरुजी. घरात आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. लिंबायतच्या मराठी शाळेत त्यांनी एकतीस वर्षं शिकवलं. त्यांचे विद्यार्थी बहुतेक खानदेशातून लूमवर, म्हणजे कापडाच्या मागांवर, कामाला आलेल्यांची मुलं. आता कुणी लूमच्या कारखान्यात मास्तर, म्हणजे मुकादम, झालाय, कुणी साडीच्या दुकानात आहे, कुणाची स्वतःची रिक्षा आहे. त्या सगळ्यांनी मिळून एका रविवारी सकाळी समाजाच्या वाडीत, म्हणजे लग्नाच्या हॉलमध्ये, गुरुजींचा सत्कार ठरवला.

अण्णा चौऱ्याहत्तरचे, दोन्ही गुडघे गेलेले. त्यांनी आठ-दहा दिवस आधीच हळूच सुचवलं की रिक्षा बोलावू. माझा पारा चढला. मुलाची गाडी दारात उभी असताना सत्काराला रिक्षाने जायचं? लोक काय म्हणतील? मी बराच वेळ बडबडलो. शेवटी अण्णा बरं म्हणाले.

खरं सांगू? लोकांचं मला काही पडलं नव्हतं. मला गाडी दाखवायची होती.

त्या रविवारी आई शेजारच्या प्रमिलाबाईंबरोबर रिक्षाने पुढे गेली. नवऱ्याच्या सत्काराला बायको शेजारणीबरोबर, का, तर मुलाला बावीस किलो वाचवायचे होते. तेव्हा मला यात काही वावगं दिसलं नाही. मी अण्णांना सीटमध्ये बसवलं, बसवलं कसलं, सोडलं, आणि निघालो. वाटेत त्यांनी विचारलं, टर्बो म्हणजे नेमकं काय असतं रे? मला कोण आनंद! लिंबायत येईपर्यंत मी समजावत होतो आणि ते चांगल्या विद्यार्थ्यासारखे मान हलवत होते.

वाडीच्या दारात पन्नासेक माणसं हार घेऊन उभी होती. ढोल वाजत होता. मी थांबता थांबता उगाच एकदा अ‍ॅक्सिलरेटर दाबला. सगळ्यांच्या माना वळल्या. रिक्षावाला सुकदेव पुढे झाला, अण्णांचा जुना विद्यार्थी, आता स्वतः पन्नाशीचा. त्याने दार उघडून धरलं. अण्णांनी दोन्ही पाय बाहेर ठेवले आणि उठायला गेले. उठवेना. सीट खोल, कड मांडीत अडकलेली. दुसऱ्यांदा जोर केला, तरी नाही. मग त्यांनी त्या उंच कडेवर तळवा टेकला, सगळा भार दिला, आणि वीतभर वर आले. अजून एक जोर आणि ते उभे राहिले असते.

"अण्णा, कडेवर भार देऊ नका," मी म्हणालो. "शिवण उसवते."

गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगतो. तसंच, सवयीने, मोठ्याने म्हणालो. अण्णांनी चटका बसल्यासारखा हात उचलला आणि धपकन परत आत पडले. चष्मा घसरून ओठांवर आला. ढोल थांबला. कुणी हसलं नाही. कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं, मला निदान भांडता आलं असतं.

सुकदेव वाकला. "गुरुजी, मन्हा गयामा हात टाका," म्हणाला, आणि अण्णांचे हात त्याने स्वतःच आपल्या गळ्याभोवती घेतले. गणपत नावाच्या दुसऱ्याने गुडघ्यांखाली हात घातले. दोघांनी त्यांना उचलून बाहेर काढलं. इस्त्रीचा पांढरा शर्ट वर सरकला, आतला बनियन दिसला, एक चप्पल गाडीतच राहिली. आणि मी? मी माझ्या चार पट्ट्यांच्या रेसिंग बेल्टात बांधलेला. तो सोडवेपर्यंत सगळे आत गेले होते. मी ती चप्पल हातात घेऊन त्यांच्या मागे गेलो.

भाषणात अण्णा म्हणाले, मुलाने आज मला मोठ्या हौसेने त्याच्या गाडीतून आणलं. गाडी उत्तम आहे, माझेच गुडघे जुने झालेत. टाळ्या पडल्या. मी शेवटच्या खुर्चीवर मान खाली घालून बसलो होतो. परतताना अण्णा आणि आई सुकदेवच्या रिक्षातून आले. चला म्हणायला मला तोंडच नव्हतं.

घरी आल्यावर अण्णा आडवे झाले. आईने माझ्यापुढे चहा ठेवला आणि म्हणाली, तुला एक सांगते. तू गाडीचा हट्ट धरलास ना, तेव्हापासून ते रोज दुपारी बाथरूममधल्या पाटावर बसून उठायचा सराव करत होते. तू कामावर गेलास की सुरू. मी म्हटलं, त्याला सरळ सांगा, जमत नाही म्हणून. तर म्हणाले, पोराने हौसेने म्हटलंय, मन कशाला मोडायचं. इतकी लाज मला उभ्या जन्मात वाटली नव्हती.

बुधवारी पहिली पाळी करून चारच्या सुमाराला घरी आलो. वाटभर ठरवत आलो होतो की आज अण्णांची माफी मागायची. बाथरूमचं दार उघडं होतं. अण्णा पाटावर बसले होते, हाताची घडी घालून, शाळेत मुलांना बसवायचे तसे. तशीच घडी ठेवून, दम धरून, थरथरत ते उठले. मग त्यांनी मला पाहिलं.

"सात झाले," ते म्हणाले. "आता हात न टेकता जमतंय बघ. तुझ्या सीटला काही होणार नाही."

चुकलो अण्णा, एवढे दोनच शब्द म्हणायचे होते. गाड्यांवर तासन्‌तास बोलणारा मी, दारात चावी घेऊन नुसता उभा राहिलो. त्यांनी हाताची घडी नीट केली आणि आठव्यांदा खाली बसायला लागले.