विहिरीतले संत अंतोनी

"नव्या गावात पाऊल टाकलंस की आधी तिथल्या चर्चमध्ये गुडघे टेक. बाकीचं गाव कुठं पळून जात नाही," आमची आई सांगायची. माझी धाकटी बहीण ग्रासिंदा साठीला पोचल्यावर पहिल्यांदा लिस्बनला आली, तेव्हा स्टेशनावरून तिला थेट संत अंतोनींच्या चर्चमध्ये न्यावं, असं माझ्या मनात होतं. रोजची माळ मी तिथंच जपते. पण इथंच राहणारी तिची लेक नातेर्सिया म्हणाली, आधी नदीकाठचा बेलेंचा बुरूज, मग ऊन चढतं.

जावई वाल्देमारही सोबत होता. लग्न याच वसंतातलं, आणि दोघांचं बोलणं बंद. कशावरून, ते त्यांनाही धड सांगता येत नव्हतं. बुरुजापाशी नातेर्सिया मला म्हणाली, "मावशी, त्याला सांग, आईचा फोटो काढ म्हणावं."

वाल्देमार शेजारीच उभा. तोही मलाच म्हणाला, "मावशी, तिला सांगा, कॅमेरा तिच्याच पिशवीत आहे."

ग्रासिंदा मात्र खुशीत होती. नदी एवढी रुंद असते, हे तिला पटेना. जवळच्या जुन्या मठाच्या खांबांवर दगडात कोरलेले दोरखंड तिने चाचपून पाहिले आणि गाठी पक्क्या आहेत म्हणाली. दालचिनी भुरभुरलेल्या गरम पेस्ट्रीचा घास घेऊन तिने डोळे मिटले. तेवढ्यात लेकीने हळूच सांगून टाकलं, की तू परत जाशील तेव्हा मी तुझ्याबरोबर गावी येणार, कायमची.

नवरा गेल्यापासून ग्रासिंदा त्या घरात एकटी आहे. तिच्या चेहऱ्यावर क्षणभर उजेड आला, तो मी पाहिला. मग ती बशीतला चुरा बोटाने गोळा करीत बसली.

दुपारी टेकडीवरचा किल्ला पाहून उतरताना एकदाचे आम्ही संत अंतोनींच्या चर्चमध्ये गेलो. लग्न जमावं म्हणून मुली मूर्तीपाशी चिठ्ठ्या ठेवत होत्या. ग्रासिंदाने गुडघे टेकले, वर पाहिलं आणि माझं मनगट धरलं.

"ताई, आमचे संत अजून विहिरीतच आहेत गं."

आमच्या डोंगराकडे पोरीचं लग्न जमेना की अंतोनींची मूर्ती दोरीला उलटी बांधून विहिरीत सोडतात. नवरा मिळाला की बाहेर काढून, पुसून, कोनाड्यात बसवू, असा शब्द द्यायचा असतो. लग्नाच्या घाईत ते राहूनच गेलं होतं.

"त्यांचं डोकं खाली करून ठेवलंय मी," ती म्हणाली, "पोरांचा संसार सरळ कसा चालेल?"

मागून वाल्देमार म्हणाला, "तरीच लग्न झाल्यापासून माझं डोकं गरगरतंय."

नातेर्सियाला हसू आवरेना. "तुझं आधीपासूनच गरगरत होतं," ती म्हणाली. यावेळी तिने ते मला सांगायला सांगितलं नाही.

आठ दिवस राहायला आलेली ग्रासिंदा त्याच संध्याकाळी निघाली. नातेर्सियाही स्वतःची बॅग घेऊन स्टेशनावर आली होती. ग्रासिंदाने ती तिच्या हातून काढून घेतली आणि जावयाकडे दिली.

"एवढीशी तर मूर्ती आहे," ती म्हणाली. "वर ओढायला मी एकटी पुरे."

डब्याची पायरी उंच होती. वाल्देमारने हात पुढे केला, पण तोवर ती चढलीही होती.