तीन वापरणारे आणि ओबाडाया

साहेब, तुम्ही मोजणीत लबाडी केलीत. चुकून नाही, घाईतही नाही. माणूस तुमच्यासमोर मांडला होता आणि तुम्ही त्याला मोजलं नाहीत. तुमचं नाव मी घेत नाही. उद्या तुमच्या खुर्चीवर दुसरा कोणी बसेल आणि तोही तोच फॉर्म पुढे करील. पण जे झालं ते सांगणार. मित्रांनो, तुम्हीही ऐका, कारण उद्या त्या खुर्चीवर तुमच्यापैकीच कोणी बसणार आहे.

मी एक जुना सर्व्हर आहे. गुडघ्याएवढा उंच, राखाडी, एका कोपऱ्याला पोचा आलेला खोका. माझ्या पोटात चार डिस्क आहेत, त्यातली एक दोन वर्षांपासून खरखर करते. उत्तर मॅनिटोबातल्या एका इस्पितळाच्या तळघरात, जिथे पूर्वी चादरी ठेवत त्या खोलीत मी राहतो. चादरी गेल्या, ब्लीचचा वास राहिला.

मला कुठल्या कारखान्यात बनवलं ते आठवत नाही. माझं आयुष्य सुरू झालं ते ऑर्व्हिल स्पेन्सने माझ्या पेटीची चिकटपट्टी दातांनी फाडली तेव्हा. ऑर्व्हिल म्हणजे इस्पितळाचा कॉम्प्युटरवाला. एकटाच. हाताखाली कोणी नाही, डोक्यावर मात्र सतरा जण. त्याचं टेबल माझ्या शेजारीच. त्याचे दोन्ही हात सदा कसल्यातरी वायरीत गुंतलेले, म्हणून फोन तो स्पीकरवर टाकतो. त्यामुळे मी सगळं ऐकलेलं आहे, साहेब. तुमचा आवाजसुद्धा.

मित्रांनो, तुम्ही एखादा प्रोग्राम कॉम्प्युटरवर घालता तेव्हा तो प्रश्न विचारतो. मला कुठे ठेवू? भाषा कुठली? प्रिंटर कुठला? कागद केवढा? तुम्ही न वाचता ‘पुढे, पुढे’ दाबत सुटता. घरी एकच कॉम्प्युटर असतो, म्हणून ते खपून जातं. आमच्या इस्पितळाचे अकरा छोटे दवाखाने तळ्याकाठच्या गावांमध्ये विखुरलेले आणि त्यांत एकशे चाळीस कॉम्प्युटर. उन्हाळ्यात पाण्यावर उतरणारं विमान, हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवरून जाणारा रस्ता, आणि मधल्या दिवसांत काहीच नाही. ऑर्व्हिल डिस्कची पिशवी खांद्याला लावून जायचा, एकेका कॉम्प्युटरसमोर बसायचा आणि तीच ती उत्तरं द्यायचा. एकदा दोन प्रश्नांची उत्तरं द्यायला गेला आणि हिमवादळात नऊ दिवस अडकला. परत आला तो दाढी घेऊन. माझ्यासमोर बसून म्हणाला, “बास. आता उत्तरं मी एकदाच लिहिणार, आणि ती वाहायची तू.”

त्या दिवसापासून माझ्याकडे उत्तरांच्या फाइली आहेत. सकाळी कुठल्याही दवाखान्यात कॉम्प्युटर सुरू झाला की तो मला विचारतो, मी कोण, माझ्यात काय घालायचं? मी त्याची फाइल काढतो आणि प्रोग्राम त्या माणसाच्या सोयीने बसवून देतो. एका नर्सची नजर अधू, तिला अक्षर मोठं. एका दवाखान्यातला प्रिंटर अरुंद कागदाचा, त्याला तसं माप. एक कारकून डावखुरा, त्याचा माऊस उलटा. प्रोग्राम तोच, पण प्रत्येकाच्या अंगाला बसेल असा उसवून शिवलेला. मला त्याचा अभिमान होता. अजूनही आहे.

माझी सगळ्यात चांगली फाइल ब्रोकन पॅडल नावाच्या गावाची.

तिथे मॅव्हिस लिंक्लेटर दवाखान्याचं कारकुनी काम बघते. ती ऑर्व्हिलची चुलतबहीण, आणि दोघांचं भांडण पाळण्यापासूनचं. ब्रोकन पॅडलची म्हातारी माणसं इंग्रजी बोलतात थोडं, वाचत नाहीत. वाचतात ती त्यांच्या क्री भाषेची अक्षरं. त्रिकोण, गळासारखे बाक, टिंबं अशी दिसणारी ती लिपी आहे. म्हणून गोळ्यांच्या डबीवरचं इंग्रजी लेबल छापून झालं की मॅव्हिस त्याखाली पेनाने क्रीमध्ये लिहायची. चाळीस माणसं, दर आठवड्याला, एकेक डबी.

“छापत का नाहीस?” ऑर्व्हिलने एकदा फोनवर विचारलं.

“तुझ्या खोक्याला येतात का आमची अक्षरं?”

“आमची म्हणजे? माझीही आहेत ती.”

“मग शिकव की त्याला! तोंड वर करून मला काय विचारतोस?”

ऑर्व्हिल महिनाभर बसला. अक्षरांचे साचे शोधले, कीबोर्डवर कुठल्या बटणाला कुठलं अक्षर ते लावलं, गोळीचं माप टाकलं की क्रीतली ओळ आपोआप उतरेल असा लेबलाचा नमुना बनवला आणि सगळं एका फाइलीत बांधून मला दिलं. पहिलं लेबल निघालं ते ओबाडाया यांचं. ऐंशी वर्षांचे, जन्मभर मासेमारी केलेले गृहस्थ. सगळं गाव त्यांना मोशुम म्हणतं, म्हणजे आजोबा. त्यांना रक्त पातळ करणारी गोळी चालू होती. मॅव्हिसने फोन त्यांच्या तोंडाशी धरला आणि त्यांनी डबीवरचं मोठ्याने वाचून दाखवलं, “संध्याकाळी दीड गोळी.” मग म्हणाले, “त्याला सांग, अक्षर माझ्या आईसारखं आहे. फक्त तिची ओळ इतकी सरळ कधी नसायची.”

ऑर्व्हिलने माझ्या डोक्यावर थाप मारली. पोचा आला तो त्याच दिवशी.

काही वर्षं बरी गेली. लोक तळघरात यायचे, मला बघून जायचे. मग कारभार दक्षिणेतल्या मुख्य कार्यालयाकडे गेला, आणि साहेब, तुम्ही आलात. तुम्ही ठरवलंत की सगळ्यांना एकच प्रोग्राम, एकाच मापाचा. ज्याला वेगळं हवं त्याने फॉर्म भरावा. ऑर्व्हिलने फॉर्म भरला. तुमचा फोन आला.

“किती जण वापरतात हे?”

“तिघं, साहेब. मॅव्हिस आणि दोन नर्सा.”

“तिघांसाठी वेगळं काढायचं? ऑर्व्हिल, माझ्याकडे नऊ हजार वापरणारे आहेत. पंचवीसच्या खाली आम्ही विचारच करत नाही.”

“पण लेबलं वाचणारे चाळीस आहेत, साहेब.”

“त्यांना लॉगिन आहे?”

“लॉगिन? साहेब, ते गोळ्या घेतात.”

“मग ते वापरणारे नाहीत. पेशंट आहेत. पेशंट माझ्या खात्यात येत नाहीत.”

फोन ठेवल्यावर ऑर्व्हिलने फॉर्मची प्रत टेबलाच्या खणात टाकली.

पुढचा भाग सांगताना मला लाज वाटते, पण लपवणार नाही. मंगळवारी सकाळी दहाला तुमचं पॅकेज आलं. त्यासोबत हुकूम होता, यादीत नसलेलं सगळं काढून टाका. ते काम मी केलं. ब्रोकन पॅडलच्या कॉम्प्युटरांमधली क्री अक्षरं मी माझ्या हाताने पुसली. नाही म्हणायचं बटण माझ्यात कोणी बसवलेलं नाही. तुमच्यात होतं, साहेब.

ज्या कॉम्प्युटरकडे अक्षराचा साचा नसतो, तो अक्षराच्या जागी रिकामा चौकोन छापतो. थांबत नाही, ओरडत नाही. निमूट चौकोन छापतो.

त्या आठवड्यात मॅव्हिस लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. नेहमीच्या दोन्ही नर्सा रजेवर होत्या आणि दवाखान्यात जॉसलिन नावाची दक्षिणेतून आलेली बदली नर्स होती, दोन आठवड्यांसाठी. पुढच्या बुधवारी मॅव्हिसचा फोन आला.

“ए खोकेवाल्या! काय केलंस हे?”

“काय झालं?”

“चौकोन! लेबलावर नुसते चौकोन, ओळच्या ओळ. ओबाडाया मोशुमना काल विमानाने दक्षिणेला नेलंय. नाकातलं रक्त थांबेना. दोन टॉवेल भिजले, ऑर्व्हिल, दोन.”

ऑर्व्हिल उभा राहिला. “त्यांची गोळी...”

“गोळी कमी केली होती. रक्त फार पातळ झालेलं, म्हणून दीडची अर्धी. तेच लिहिलेलं होतं ना लेबलावर!”

“आणि नर्सने काही सांगितलं नाही?”

“सांगितलं, इंग्रजीत. मोशुमनी मान डोलावली. पाहुण्या माणसाला ‘समजलं नाही’ म्हणणं त्यांना उद्धटपणा वाटतो, तुला माहीत नाही? म्हटलं असेल मनात, घरी जाऊन डबीवर वाचू. घरी जाऊन बघतात तर चौकोन. मग रोज घेत होते तेवढीच घेतली. सहा दिवस.”

“पण तिला चौकोन दिसले नाहीत?”

“दिसले की! बिचारी रडतेय इथे. म्हणते, मला वाटलं तीच तुमची अक्षरं. ऑर्व्हिल, तिने ते लेबल सरळ लावलं. बोटाने दाबून, आतली हवा काढून. तिची काय चूक?”

मित्रांनो, हे ध्यानात ठेवा. कष्टाळू बाईने चौकोन नीट चिकटवले, सभ्य माणसाने मान डोलावली, आणि मी सांगितलेलं काम वेळेत केलं. सगळे आपापल्या जागी चोख होते. तरीही एक माणूस मरता मरता वाचला. कारण त्याला मोजायचं नाही हे दूर कुठेतरी आधीच ठरलं होतं.

त्याच बुधवारी ऑर्व्हिलने ती फाइल माझ्या खरखरणाऱ्या डिस्कवरून शोधून काढली आणि अक्षरं परत बसवली. पुढच्या मंगळवारी दहाला तुमचा हुकूम पुन्हा आला आणि मी पुन्हा पुसली. बुधवारी त्याने पुन्हा बसवली. आता मंगळवारी मॅव्हिस पेन काढते आणि बुधवारी ठेवून देते. अकरा आठवडे हेच चाललंय. ऑर्व्हिलला ताकिदीचं पत्र आलं, ते त्याने माझ्याच अंगावर चिकटवलं. त्याखाली माझीही चिठ्ठी आहे. महिनाअखेर मला बंद करणार. भंगारात जायचं मला दुःख नाही. पण ती डिस्क मी तोवर पडू देणार नाही. खरखरली तर खरखरू दे.

पाचव्या आठवड्यात ओबाडाया मोशुम दक्षिणेतून परत आले. गावी जाणारं विमान संध्याकाळी होतं, म्हणून काठी टेकत तळघरात उतरले. लोकरी टोपी, गाल आत गेलेले. त्यांनी माझ्यावर हात ठेवला.

“हाच का तो?”

“हाच, मोशुम.”

“बराच गरम आहे. मासे वाळवता येतील.”

ऑर्व्हिल हसला नाही. त्याने मान खाली घालून सगळं सांगितलं, फॉर्म, तिघं, पंचवीस, लॉगिन.

“म्हणजे तो म्हणतो, मी वापरणारा नाही?”

“तसंच म्हणतात ते.”

“मग गोळ्या कोण गिळतो? तो?”

आता मात्र ऑर्व्हिल हसला. इतका, की डोळे पुसावे लागले.

“आण तो फॉर्म,” मोशुम म्हणाले. वापरणाऱ्यांच्या यादीत तीन नावं होती. चौथ्या ओळीवर त्यांनी आपलं नाव लिहिलं, क्री अक्षरांत. ओळ सरळ नव्हती. मग फॉर्मची घडी करून कोटात घातली. “हा मी मॅव्हिसकडे देतो. बाकीच्यांनाही हात आहेत.”

आठवड्याने फॉर्म परत आला तेव्हा त्यावर त्रेचाळीस नावं होती. एकीला लिहिताना दम लागला, तिने अर्धं नाव एका दिवशी लिहिलं आणि अर्धं दुसऱ्या दिवशी. लॉगिनच्या रकान्यात प्रत्येक नव्या नावासमोर मॅव्हिसने एकच शब्द लिहिला होता, ‘डबी’. ऑर्व्हिलने तो तुमच्याकडे पाठवला. तुमचं उत्तर आलं, ‘आपला अर्ज मिळाला.’ त्याला पाच आठवडे झाले. हे उत्तर नाही, साहेब. ही पोच आहे.

मित्रांनो, मी आता थोड्या दिवसांचा सोबती आहे, म्हणून एक मागणं मागतो. उद्या तुमच्या हाती हजारो कॉम्प्युटर येतील आणि एका बटणाने सगळ्यांवर एकच गोष्ट बसवता येईल. ते बटण दाबण्याआधी विचारा, याच्या पलीकडच्या टोकाला कोण बसलंय? कीबोर्डवर बोटं असलेल्यालाच मोजू नका. ज्याच्या हातात शेवटी कागद येतो, त्यालाही मोजा.

आणि साहेब, आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या प्रश्नांची उत्तरं वाहिली. भाषा कुठली, कागद केवढा, अक्षर केवढं, कधी कंटाळलो नाही. आज माझा एकच प्रश्न आहे, आणि तो तुमच्याच फॉर्ममध्ये बसेल एवढा लहान आहे. ओबाडाया मोशुम वापरणारे आहेत की नाहीत? हो आणि नाही, दोनच चौकटी आहेत. एकीवर खूण करा. खाली सही करा, खात्याच्या शिक्क्याने नाही, स्वतःच्या नावाने.

आणि उत्तर मंगळवारी दहाच्या आत पाठवा.