कुसुमचा विटाळ

गच्चीचा जिना चढताना कुसुमचे गुडघे दुखत नसत; देवघराशी आलं की बरोबर दुखायला लागत. लीलाताईंची ही सदुसष्ट वर्षांची धाकटी जाऊ चार महिने झाले अशीच वागत होती. आठ-आठ दिवस स्वयंपाकाला हात लावायचा नाही, देवाची फुलंसुद्धा वेचायची नाही, कोपऱ्यातल्या खोलीत दार लोटून पडायचं.

"महाराणी आहेत त्या!" पायाची पट्टी बदलणाऱ्या नर्सला, दुर्गाला, लीलाताईंनी ऐकवलं. "मी हा सडका पाय ओढत नैवेद्य रांधते, आणि ही लोळतेय. सगळा थाटीपुर मोहल्ला हसेल."

दुर्गा हसली नाही. "आजी, आत्ता काकूंचा बीपी बघून आले. अंगात रक्तच नाही उरलं. खोदून विचारलं तर रडायलाच लागल्या. चार महिन्यांपासून अंगावरून जातंय."

"या वयात?"

"पाळी बंद होऊन सोळा वर्षं झालीत. ही पाळी नाही, आजी. एक डाग भी दिसला तरी लगेच जांच लागते. कॅन्सर भी निघू शकतो. उद्याच न्या."

लीलाताई उठल्या. अर्धवट गुंडाळलेली पट्टी फरशीवर फरफटत निघाली.

"अरे आजी, रुको!"

कुसुमच्या खोलीत वेगळी गादी होती, वेगळा तांब्या, उशाशी जुन्या साडीच्या घड्या. कुठं बसायचं, कशाला शिवायचं नाही, घरातल्या पुरुषांना पत्ता कसा लागू द्यायचा नाही, हे सारं तिला लग्नानंतर आठवड्याभरात लीलाताईंनीच शिकवलं होतं. कुसुम त्यात कधी चुकली नव्हती.

"शिवू नका वहिनी!" ती भिंतीकडे सरकली. "परत सुरू झालं. म्हातारपणी हे काय, कुणाला सांगू? आणि तुमच्या देवाला विटाळ..."

"रक्त वाहून चाललंय तुझं, आणि देवाचं काय घेऊन बसलीस!"

लीलाताईंनी तिचा हात खसकन ओढला. तो गार होता, नखं पांढरी पडलेली. मग त्या तिच्याच गादीवर, तिला खेटून बसल्या.

"मूर्ख आहेस तू," त्या म्हणाल्या. "आणि तुला मूर्ख केलं मी. उद्या डॉक्टरीणबाईंना सगळं मोठ्यानं सांगायचं. मी शेजारी उभी असेन. मान खाली घातलीस, तर त्यांच्यासमोर थोबाडीन."